कर्नल सांभाळणं आणि अपडेट सोडणं: नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

लिनक्स कर्नलवर, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करायचंय असं ठरवून बरेच जण सी भाषा पक्की करतात, मेमरी मॅनेजमेंटचा कोड वाचत बसतात, आणि सहा महिन्यांनी कळतं की कोड लिहिता येतोय पण तो आत कसा जातो, कधी जातो, आणि गेल्यावर काही मोडलं तर कोणी निस्तरायचं यातलं काहीच माहीत नाही. हा लेख त्या निस्तरण्याबद्दल आहे. पहिला पॅच (कोडमधला एक बदल) पाठवण्यापासून ते एखादी छोटी सबसिस्टिम, म्हणजे कर्नलचा एखादा भाग, सांभाळून तिचे अपडेट लोकांच्या मशीनपर्यंत पोचवण्यापर्यंत. एक आधीच सांगून ठेवतो, आत घेतलेली प्रत्येक ओळ पुढची कित्येक वर्षं कोणाच्या तरी गळ्यात असते आणि बहुतेक वेळा तो गळा तुमचाच असतो, त्यामुळे मेंटेनरचं, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याचं, निम्मं काम "नको" किंवा "आत्ता नको" म्हणण्याचं आहे.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

नवीन आवृत्ती दर ९ ते १० आठवड्यांनी येते. आधीची निघाली की लगेच मर्ज विंडो उघडते, ती दोन आठवडे. या दोन आठवड्यांत सगळ्या सबसिस्टिमचे मेंटेनर आपापली जमवलेली कामं लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सकडे पाठवतात, दहा हजारांच्या वर कमिट (नोंदवलेले बदल) आत जातात, आणि मग एका रविवारी आरसी१, म्हणजे पहिला रिलीज कँडिडेट, चाचणीची आवृत्ती, निघतो. त्यानंतर दर रविवारी एक आरसी, साधारण आरसी७ पर्यंत, फारच गडबड असेल तर आरसी८, आणि मग फायनल. आरसीच्या काळात फक्त दुरुस्त्या, नवीन फीचर नाही.

नवीन माणूस इथेच चुकतो. मर्ज विंडो उघडली म्हणून उत्साहाने नवा पॅच पाठवतो आणि कोणी ढुंकून बघत नाही, कारण विंडो ही आधीच तयार असलेला माल वर पाठवायची वेळ आहे, नवीन माल घ्यायची नाही. नवीन काही पाठवायचं तर आरसी१ निघाल्यावर पाठवा, आरसी५-६ नंतर पाठवलंत तर ते पुढच्या खेपेला जाईल असंच धरून चाला.

आवृत्तीच्या आकड्यांत अर्थ शोधू नका बरं का. ३.० आली २०११ मध्ये, ४.० २०१५ मध्ये, ५.० २०१९ मध्ये, ६.० २०२२ मध्ये, आणि यातल्या एकाही वेळी काही मोठी क्रांती झालेली नव्हती. हातापायाची बोटं मोजून संपली की पुढचा आकडा, असं लिनस स्वतःच सांगतो.

स्वतःचा कर्नल बनवून बूट करा

हे न करता पॅच पाठवणारे लोक आहेत, आणि ते लगेच ओळखू येतात. लिनसची ट्री, म्हणजे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमधला सगळा सोर्स, क्लोन करा. सध्या चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमध्ये असते ती डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी करा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा, नवीन आलेल्या पर्यायांना आपोआप डीफॉल्ट उत्तरं मिळतात. डिस्ट्रोची (डेबियन, उबुंटूसारख्या तयार लिनक्सची) कॉन्फिग तशीच घेतली तर हजारो मॉड्यूल बिल्ड होत बसतात, म्हणून मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवा, ते फक्त आत्ता लोड असलेली मॉड्यूल ठेवतं. पण त्याआधी नेहमी लागणारी यूएसबी वगैरे सगळी उपकरणं एकदा जोडून घ्या, नाहीतर नवीन कर्नलवर पेनड्राइव्ह चालेना म्हणून डोकं धरून बसाल. लोकलव्हर्जन या कॉन्फिग पर्यायात आपलं काहीतरी नाव टाका म्हणजे यूनेम कमांडने कळतं आपण नक्की कोणत्या कर्नलवर आहोत, हे वाचायला फालतू वाटेल पण जुनाच कर्नल बूट करून "माझा बदल चालत नाही" म्हणत मी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

रोजच्या चाचणीला खरं मशीन लागत नाही, क्यूएमू हे व्हर्च्युअल मशीन पुरतं. व्हर्टमी-एनजी नावाचं टूल तर तुमचीच फाइलसिस्टिम दाखवून काही सेकंदात नवीन कर्नल उभा करतं. त्या चाचणीच्या कर्नलमध्ये कासान आणि लॉकडेप चालू ठेवा. कासान चुकीच्या मेमरीला हात लावला की ओरडतं, लॉकडेप लॉक घेण्याचा क्रम उलटसुलट झाला की प्रत्यक्ष डेडलॉक व्हायच्या आधीच सांगतं. मशीन हळू होतं, होऊ दे.

कोणाचा कोड आहे ते शोधा

सोर्सच्या मुळाशीच मेंटेनर्स नावाची एक भलीमोठी फाइल आहे. प्रत्येक नोंदीत कोण सांभाळतं, कोणती मेलिंग लिस्ट, कोणती गिट ट्री, कोणत्या फाइली, आणि एस अक्षरापुढे स्थिती. सपोर्टेड म्हणजे कोणी पगार घेऊन सांभाळतंय, मेंटेन्ड म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे, ऑड फिक्सेस म्हणजे वेळ मिळाला तर बघतील, ऑर्फन म्हणजे वाली नाही. हाताने शोधायची गरज नाही, स्क्रिप्ट्स फोल्डरमधली गेट-मेंटेनर स्क्रिप्ट तुमच्या पॅचवर चालवा, ती नावं काढून देते. फक्त तिने दिलेली सगळीच नावं डोळे मिटून टाकू नका, कधीतरी चार वर्षांपूर्वी त्या फाइलमधलं स्पेलिंग सुधारलेल्या माणसालाही ती ओढते.

ऑर्फन कोड दिसला आणि ते हार्डवेअर तुमच्याकडे असेल तर मेंटेनर व्हायची ती सगळ्यात सरळ वाट आहे.

पॅच लिहिताना

एका पॅचमध्ये एकच गोष्ट. बग दुरुस्त करता करता शेजारच्या फंक्शनची इंडेंटेशन पण नीट केली असं चालत नाही, कारण उद्या ती दुरुस्ती जुन्या आवृत्तीत न्यायची झाली की ती इंडेंटेशन आडवी येते. आणि मालिकेतला प्रत्येक पॅच लागल्यावर कर्नल बिल्ड आणि बूट झालाच पाहिजे, म्हणजे पॅच ३ मध्ये मोडलं आणि ५ मध्ये जोडलं असं नको. कारण खाली बायसेक्टमध्ये (बग आणणारा कमिट निम्मे-निम्मे बाद करत शोधण्यात) येईल.

मेसेजमध्ये काय बदललं ते थोडक्यात, का बदललं ते सविस्तर. काय बदललं ते डिफमध्ये, जुन्या-नव्या ओळींच्या फरकात, दिसतंच. वापरणाऱ्याला काय त्रास होत होता, कोणत्या परिस्थितीत, ते लिहा. बग कोणत्या कमिटने आणला ते माहीत असेल तर फिक्सेस टॅग लावा, त्यात त्या कमिटच्या हॅशची (ओळख क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि कंसात त्याचं शीर्षक. हा टॅग शोभेचा नाही, कोणती दुरुस्ती कोणत्या जुन्या आवृत्तीला हवी हे पुढे याच्यावरूनच ठरतं.

शेवटी साइन्ड-ऑफ-बाय, तुमच्या नावाने. याचा अर्थ "मी सही केली" इतकाच नाही, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही लिहून देताय. ही पद्धत २००४ मध्ये आली, तेव्हा कर्नलमधला कोड कोणाचा यावरून कोर्टकचेऱ्या चालू होत्या. ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड असेल तर आधी ऑफिसला विचारा.

पाठवायच्या आधी चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, पण त्याच्या प्रत्येक वॉर्निंगसमोर लोटांगण घालू नका. २०२० पासून ते स्वतःच ८० ऐवजी १०० अक्षरांपर्यंतची ओळ चालवून घेतं. ओळ मोडून वाचायला वाईट होत असेल तर राहू द्या.

पाठवा आणि थांबा

गिट सेंड-ईमेल किंवा बी४ हे टूल वापरा, बी४ नवीन माणसाला जास्त सोपं पडतं. मेल साधा टेक्स्टच हवा, एचटीएमएल मेल तिथल्या लिस्ट घेतच नाहीत. मग वाट बघायची. आठवडा तरी जाऊ द्या, दोन गेले तरी हरकत नाही, मग नम्रपणे एक आठवण. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा, तिथलं गिट इतिहासात जात नाही पण वाचणाऱ्याला दिसतं. रिव्ह्यूवाल्याने प्रश्न विचारला तर नुसता नवा पॅच फेकू नका, आधी प्रश्नाचं उत्तर द्या. आणि उत्तर नेहमी त्याच्या वाक्याच्या खाली, वर नाही. भाषा कधी कधी रोखठोक असते, ती कोडबद्दल असते असं समजून पुढे जायचं, आणि खरंच कोणी अंगावर आलं तर आचारसंहिता आहे, तिचा वापर करायला लाजू नका.

आता तुमचीच ट्री

समजा वर्ष-दोन वर्षं पॅच पाठवून, त्याहून जास्त दुसऱ्यांचे पॅच तपासून, मेंटेनर्स फाइलमध्ये तुमचं नाव लागलं. इथून काम बदलतं.

ट्रीमध्ये दोन ब्रँच (शाखा) पुरतात. एक फिक्सेस, चालू आरसीसाठी. दुसरी फॉर-नेक्स्ट, पुढच्या मर्ज विंडोसाठी. दोन्ही एखाद्या ठरलेल्या जागेवरून काढा, आरसी१ किंवा आरसी२, मर्ज विंडोच्या मधल्या कुठल्यातरी कमिटवरून नको. आलेला पॅच बी४ ने उतरवून घ्या, ते लिस्टवर आलेले रिव्ह्यूड-बाय, टेस्टेड-बाय आपोआप गोळा करतं, आणि खाली तुमचं साइन्ड-ऑफ-बाय लागतं. त्या क्षणापासून पॅच जितका लिहिणाऱ्याचा तितकाच तुमचा. लिहिणारा पुढच्या महिन्यात नोकरी बदलून गायब होतो, तुम्ही कुठे जाणार? म्हणून घेण्याआधी स्वतःला विचारायचं, हा माणूस गेला तर मला हे सांभाळता येईल का? उत्तर नाही असेल तर अजून प्रश्न विचारा, टेस्ट मागा, नाहीतर सरळ नाही म्हणा.

फॉर-नेक्स्ट ब्रँच लिनक्स-नेक्स्टमध्ये जोडून घ्या. २००८ पासून ही ट्री चालू आहे, सगळ्या मेंटेनरांच्या पुढच्या खेपेच्या ब्रँच रोज एकत्र करून बिल्ड होतात, आणि तुमचं फंक्शन दुसऱ्या कोणी नाव बदलून ठेवलंय हे तिथे आठवडे आधी कळतं. शिवाय बॉट आहेत, कर्नल टेस्ट रोबोट वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड करून मेल टाकतो. नव्या मेंटेनरला त्याचा पहिला मेल बहुतेक वेळा ३२ बिटच्या बिल्डबद्दल येतो: ६४ बिटच्या आकड्याला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागलं की तुमच्या मशीनवर सगळं गोड आणि ३२ बिटवर लिंक करताना फेल, तिथे डिव्ह-यू६४ सारखं फंक्शनच वापरावं लागतं. सिझबॉट म्हणजे अजून वेगळं प्रकरण, तो सिस्टम कॉलवर वाटेल ती इनपुट मारून कर्नल पाडतो आणि बऱ्याचदा पाडण्याची रेसिपीही देतो. बॉटचे मेल वैतागवाणे असतात, पण खऱ्या माणसाचं मशीन पडण्याआधी आलेले असतात.

एकदा लोकांसमोर ठेवलेली ब्रँच रीबेस करू नका, म्हणजे तिचे कमिट नव्याने रचू नका. मेसेजमधल्या चुका, टायपो, राहून गेलेला टॅग, यासाठी हात शिवशिवतात. पण रीबेस केलं की तुम्ही तपासलेले कमिट आता अस्तित्वात नाहीत, जे आहेत ते नवीन आहेत आणि कोणी तपासलेले नाहीत.

वर पाठवणं

मर्ज विंडो उघडायच्या आधीच माल तयार हवा. सही केलेला टॅग बनवायचा, टॅगच्या मेसेजमध्ये या खेपेत काय आहे ते माणसाला समजेल असं लिहायचं कारण तेच पुढे मर्ज कमिटमध्ये जातं, मग गिट रिक्वेस्ट-पुल चालवून जे निघेल ते मेलमध्ये. छोटी सबसिस्टिम असेल तर लिनसला नाही, तुमच्या वरच्या मेंटेनरला. सहीचं महत्त्व २०११ मध्ये कळलं, कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं होतं, तेव्हापासून पीजीपी किल्ली (सही करायची डिजिटल किल्ली) आणि ओळखीच्या लोकांनी त्या किल्लीवर केलेल्या सह्या या गोष्टी काटेकोर झाल्या. किल्ली आधीच बनवा, ऐनवेळी सही करायला ओळखीचा माणूस सापडत नाही.

कॉन्फ्लिक्ट (दोघांनी त्याच ओळी बदलल्याने होणारं भांडण) येणार हे दिसत असेल तरी स्वतः लिनसची ट्री आपल्यात मर्ज करून तो सोडवून ठेवू नका. हा सल्ला सगळ्यांना उलटा वाटतो. पण लिनसला कॉन्फ्लिक्ट स्वतः बघायचे असतात, त्यावरून त्याला कळतं कुठे काय हलतंय. मेलमध्ये फक्त लिहा की अमुक फाइलमध्ये भांडण होईल, आणि मी ते असं सोडवलं असतं.

विंडोच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. शेवटच्या शनिवारी पाठवणाऱ्याला शिव्या बसतात, आणि बसायलाच पाहिजेत.

आरसीचे आठवडे

हा काळ कंटाळवाणा गेला तर काम चांगलं झालं. इथे एकच कायदा: आधी चालत होतं ते नवीन कर्नलवर बंद पडता कामा नये. प्रोग्रॅमने कर्नलच्या एखाद्या बगवरच भिस्त ठेवली होती असं निघालं तरी "त्यांचीच चूक" म्हणून सुटता येत नाही. युजरस्पेस (कर्नलवर चालणारे प्रोग्रॅम) मोडलं की ते रिग्रेशन, आणि रिग्रेशन आधी निस्तरायचं. तक्रारींचा पाठपुरावा करायला रेगझबॉट नावाचा बॉटही आहे.

तक्रार आली, कारण कळत नाही, तर तक्रार करणाऱ्याला बायसेक्ट करायला सांगा, किंवा स्वतः करा:

१. गिट बायसेक्ट स्टार्ट.
२. बिघडलेल्या आवृत्तीला बॅड, चालणाऱ्या आवृत्तीला गुड म्हणा.
३. गिट मधला कमिट काढून देतं, तो बिल्ड करा, बूट करा, बघा, गुड की बॅड ते सांगा.
४. बिल्डच होत नसेल तर स्किप.
५. शेवटी उरतो तो गुन्हेगार. त्याचा लॉग जपून ठेवा आणि मेलमध्ये टाका.

प्रत्येक वेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणून १५,००० कमिटमधून एक शोधायला साधारण १४ बिल्ड लागतात. आणि म्हणूनच मघाशी म्हटलं प्रत्येक पॅचनंतर बिल्ड झालं पाहिजे, मधले दहा कमिट मोडके असतील तर बायसेक्ट तिथेच चिखलात रुततं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ५.१२ चं, २०२१ मधलं. आरसी१ मध्ये स्वॅप फाइलच्या (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या फाइलच्या) कोडमध्ये चूक शिरली, फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो ऑफसेट हिशोबातच धरला जात नव्हता, त्यामुळे स्वॅप फाइल वापरणाऱ्यांचा स्वॅप फाइलसिस्टिमच्या भलत्याच जागी लिहिला जायचा. स्वॅपला वेगळं पार्टिशन असलेल्यांना काहीच कळलं नाही, म्हणून चाचण्यांतून निसटलं. लिनसने त्या टॅगचं नावच बदलून त्यापुढे "डोंटयूज" लावलं आणि आरसी२ रविवारची वाट न बघता शुक्रवारीच काढला. खरी मेख पुढे आहे. त्याने मेंटेनरांना सांगितलं की या आरसी१ वरून ब्रँच काढू नका, कारण नंतर कधीतरी कोणीतरी भलताच बग बायसेक्ट करत असेल, तो नेमका या जागी उतरेल, आणि त्याची डिस्क जाईल. बग दुरुस्त झाला तरी इतिहासातली ती जागा तशीच राहते.

दुरुस्ती दोन-तीन दिवसांत सुचत नसेल तर रिव्हर्ट करा. आपलाच कमिट उलटवताना जीव तुटतो खरा, पण पुढच्या खेपेला तो नीट होऊन परत येऊ शकतो. आरसी६ मध्ये घाईने केलेली चतुर दुरुस्ती हा प्रकार मी करून बसलोय. तिने एक बग घालवला आणि कोणाच्या तरी लॅपटॉपचं स्लीपमधून उठणं बंद केलं, शेवटी दोन्ही रिव्हर्ट झाले.

स्टेबल

फायनल निघाली म्हणजे लोकांपर्यंत पोचली असं नाही. बहुतेकांच्या मशीनवर जे असतं ते स्टेबल (फायनलनंतर दुरुस्त्या घेणारी शाखा) किंवा त्यातलं लाँगटर्म (वर्षानुवर्षं सांभाळलेलं), ६.१, ६.६, ६.१२ वगैरे. २००५ पासून ही शाखा आहे, सध्या ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेव्हिन ती बघतात.

नियम थोडे आहेत. दुरुस्ती आधी लिनसच्या ट्रीमध्ये गेलेली हवी, मागच्या दाराने स्टेबलमध्ये नाही. आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत. खरा बग हवा, "असं होऊ शकेल कदाचित" नको. नवीन फीचर नाही, नव्या डिव्हाइसचा आयडी मात्र चालतो. आणि जुन्या शाखेत टाकताय तर मधल्या सगळ्या नव्या शाखांतही हवी, नाहीतर माणूस अपग्रेड करतो आणि गेलेला बग परत भेटतो. पॅच लिहितानाच सीसी ओळीत स्टेबलचा पत्ता टाकला की तो मर्ज झाल्यावर आपोआप उचलला जातो. स्टेबलची प्रत्येक आवृत्ती निघायच्या आधी सगळे पॅच रिव्ह्यूसाठी येतात, हरकत घ्यायला साधारण ४८ तास. त्यात आपले पॅच दिसले तर बघाच.

काय बघायचं? पॅच लागतो का हे नाही, तो जिथे लागतोय तिथे खरा आहे का हे. २०२३ च्या शेवटी ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइलसिस्टिमची एक दुरुस्ती मागे आणली गेली. पॅच स्वच्छ लागला, बिल्ड झाला. पण ती दुरुस्ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती तो बदल ६.१ मध्ये नव्हताच, आणि लोकांचा डेटा खराब व्हायला लागला. डेबियनने १२.३ च्या इमेज थांबवल्या आणि पुढे थेट १२.४ काढली. मूळ ट्रीमध्ये दोन्ही बदल असल्यामुळे तिथे सगळं ठीक होतं. तेव्हा आपला पॅच दुसऱ्या कशावर टेकून उभा असेल तर सीसी स्टेबलच्या ओळीपुढेच त्या आधीच्या कमिटचा हॅश लिहायची सोय आहे, ती वापरा, ही माहिती तुमच्याशिवाय कोणाकडे नसते.

सुरक्षेच्या बगचं थोडक्यात: लिस्टवर उघड टाकण्याआधी कर्नलच्या सिक्युरिटी टीमला कळवा. फेब्रुवारी २०२४ पासून सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या बगचा जाहीर ओळख क्रमांक) कर्नलचे लोक स्वतःच देतात, आणि दुरुस्ती आत गेल्यावर देतात, त्यामुळे तुम्हाला वेगळा अर्ज करायची गरज पडत नाही. कर्नलमधला जवळजवळ कुठलाही बग कुठल्यातरी वापरात सुरक्षेचा निघू शकतो म्हणून क्रमांक भरपूर निघतात, आकडा बघून घाबरू नका.

आणि मग एक दिवस मेल येतो, विषयात ठळक "फेल्ड", तुमचा पॅच अमुक जुन्या शाखेवर लागला नाही. हा मेल बाजूला टाकायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात पुढे काय करायचं त्याच्या कमांड दिलेल्या असतात: ती शाखा चेकआउट करा, चेरी-पिक -एक्स (तो एक कमिट उचलून आणा), कॉन्फ्लिक्ट सोडवा, त्या शाखेवर खरंच बूट करून बघा, आणि शाखेचा आकडा विषयात टाकून परत पाठवा. मूळ पॅचपेक्षा काही वेगळं करावं लागलं असेल तर ते तुमच्या साइन्ड-ऑफ-बायच्या वर चौकटी कंसात एका ओळीत लिहा. आणि त्या जुन्या शाखेत तो बगच नसेल, तर तेवढं एका ओळीचं उत्तर टाका, की इथे नको.